नाजूक कपडे ड्रायक्लीनला देण्याआधी: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा शालू, सासूबाईंनी दिलेली करवत, म्हणजे करवतकाठी साडी, नवरदेवाची शेरवानी, वकिलांचा काळा कोट, बारशाचं मखमली झबलं. हे कपडे रोजच्या धुण्यात टाकता येत नाहीत, आणि भरवशाचं दुकान तर गावात नसतं. आर्वी, दारव्हा, मेहकर, मोहाडी, ब्रह्मपुरी अशा तालुक्यांच्या आसपास राहणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

ड्रायक्लीनमध्ये कपडा खरंच पाण्याशिवाय धुतात का?

हो. कपडा भिजतो, पण पाण्यात नाही, एका रासायनिक द्रावकात. तेल, तूप, मेण, अंगाचा चिकटपणा त्यात विरघळून निघतो. रेशीम आणि लोकर पाण्यात फुगतात, वाळताना आकसतात, कच्चा रंग सुटतो. द्रावकात तंतू तसा फुगत नाही, म्हणून कपड्याचा आकार आणि पोत टिकतो.

शहरातल्या मोठ्या यंत्रांमध्ये पर्क्लोरोएथिलीन, ज्याला धंद्यात ‘पर्क’ म्हणतात, किंवा हायड्रोकार्बन जातीचं द्रावक वापरतात. लहान दुकानांत बहुधा एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल असतं. आपल्याकडे लोक या सगळ्यालाच सरसकट ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात.

कोणता कपडा द्यायचाच, आणि कोणता घरी धुतला तरी चालतो?

जरीची रेशमी साडी, टसर (रानरेशीम), अस्तर लावलेला कोट, शेरवानी, मखमल, भरजरी लेहंगा, लोकरीचा सूट हे द्यावेत. सुती साडी, साधा कुर्ता, खादीचा सदरा, पॉलिस्टरची साडी यांना ड्रायक्लीनची गरज नसते. साधं लोकरी स्वेटर थंड पाण्यात, सौम्य लिक्विडमध्ये, न पिळता धुऊन सावलीत आडवं पसरून वाळवलं की झालं. ज्या कपड्याला गरज नाही त्यावर पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे शालूसाठी चांगल्या ठिकाणी मोजावेत, असं माझं मत आहे.

आमच्या गावात दुकान नाही, तालुक्याला दोन-तीन आहेत. त्यांतलं कोणतं निवडावं?

सगळ्यात आधी हे समजून घ्या की तालुक्याच्या ठिकाणी ‘ड्रायक्लीनर्स’ असा बोर्ड असलेल्या अनेक दुकानांत यंत्रच नसतं. ती कपडे गोळा करतात. तिथून गठ्ठा नागपूर, अमरावती, अकोला किंवा चंद्रपूरला जातो, तिथे धुतला जातो आणि परत येतो. यात गैर काही नाही. उलट, शहरातलं चांगलं यंत्र तालुक्यातल्या उघड्या टबापेक्षा पुष्कळ बरं. पण मग तुमचा शालू नेमका कोणाच्या हाती जाणार, हे तुम्हाला माहीत असायला हवं. म्हणून पहिला प्रश्न दराचा नको. पहिला प्रश्न असा: “भाऊ, हे धुतात कुठे?”

जो दुकानदार सरळ सांगतो की अमुक शहरात, अमुक ठिकाणी पाठवतो, मंगळवारी गाडी जाते आणि पुढच्या सोमवारी येते, त्याच्याशी बोलणं पुढे न्यावं. “तुम्ही चिंता नका करू जी, होऊन जाईल” एवढंच जो म्हणतो, त्याला करवत देऊ नये. तो माणूस वाईट असेल असं नाही, पण उद्या काठाचा रंग फुटला तर कोणाला विचारायचं हे त्यालाही ठाऊक नसेल.

दुसरा प्रश्न, कशात धुतात? पर्क, हायड्रोकार्बन, एमटीओ, जे असेल ते नाव दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. काही ठिकाणी साडी चक्क पाण्यात, लिक्विड साबणात बुडवतात, वरून प्रेस करतात आणि ड्रायक्लीनचे पैसे घेतात. ते ओळखायची एक खूण साडीतच असते: फॉल. फॉल बहुधा सुती असतो. तो आधी पाण्यातून काढून न घेता लावला असेल तर पाणी लागताच आखडतो आणि काठाला चुण्या पडतात. देताना सपाट असलेला काठ परत येताना चुणलेला दिसला, तर साडीला पाणी लागलं आहे असं धरून चालायला हरकत नाही. ब्लाउजचं सुती अस्तर आत ओढलं गेलं असेल तरी तेच.

तिसरी गोष्ट विचारायची नाही, पाहायची. दुकानात धुऊन आलेले पांढरे कपडे टांगलेले असतात. ते स्वच्छ पांढरे आहेत की मळकट, करडे? द्रावक महाग असतं, म्हणून तेच पुन्हापुन्हा वापरतात. ते गाळून आणि ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून, शुद्ध करावं लागतं. हा टप्पा टाळला की एकाच्या कपड्याचा मळ दुसऱ्याच्या कपड्यावर बसतो. पांढऱ्या कुर्त्यावर तो लगेच दिसतो, मरून शालूवर दिसत नाही एवढंच.

आणि पहिल्याच खेपेला शालू देऊ नका. आधी एखादा जुना कोट किंवा कमी मोलाची सिल्क साडी द्या. ती कशी येते, कधी येते, बटणं शाबूत आहेत का, वास येतो का, हे बघा. दोन-तीन आठवडे जातील, पण गावाकडच्या माणसाकडे याहून भरवशाची परीक्षा नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणं होतंच, तेव्हाच द्यावं आणि तेव्हाच आणावं.

नागपूरचं दुकान तालुक्याच्या दुकानापेक्षा नेहमीच चांगलं का?

नाही. हेच प्रश्न तिथेही विचारा.

करवत आणि टसर यांची वेगळी काळजी का घ्यावी लागते?

आपल्या भागाचं हे वैभव आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या पट्ट्यात टसरचं विणकाम चालतं आणि गडचिरोलीच्या आरमोरीकडे टसरचे कोष घेतले जातात. करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असते. बऱ्याच करवतींत अंग टसरचं आणि काठ रंगवलेल्या सुताचा असतो. इथेच धोका आहे. पाणी लागलं की सूत आणि टसर सारखं वागत नाहीत. काठ आखडतो, अंग तसंच राहतं, आणि काठाचा रंग टसरच्या मधाळ अंगावर उतरू शकतो. एकदा उतरला की काढणं फार अवघड.

टसरवर पाण्याचे थेंब पडले तरी वर्तुळं उमटतात. म्हणून प्रेस करताना पाणी शिंपडू नका, हे प्रेसवाल्या भाऊंनाही सांगून ठेवा. उलट बाजूने, वर सुती कापड टाकून, कमी आचेवर प्रेस करावी.

दुकानात देताना “ही करवत आहे, काठ सुती आहे” असं तोंडाने सांगा आणि पावतीवरही लिहून घ्या. शहरातल्या धुलाईवाल्यासमोर दिवसाला पुष्कळ साड्या येतात. सिल्क दिसली की सिल्कसारखी धुतली, असं होऊ नये.

जरीची साडी काळी पडते ती ड्रायक्लीनमुळे का?

बहुतेक वेळा नाही. अस्सल जरीत चांदीची तार असते. हवेतला गंधक, घाम, अत्तर आणि सेंट यांनी चांदी काळवंडते. तांब्याच्या तारेची जरी आणखी लवकर काळी पडते. आजकाल पुष्कळ साड्यांवर चकचकीत प्लॅस्टिक पट्टीची जरी असते. ती काळी पडत नाही, पण गरम प्रेसखाली वितळते किंवा आखडते. आपली जरी कोणती हे साडी घेतलेल्या दुकानात विचारून ठेवा आणि ड्रायक्लीनवाल्याला सांगा. चिंच किंवा लिंबाने जरी घासण्याचा घरगुती उपाय करू नका. आंबटाने तार झिजते आणि तिच्याखालचं रेशीम अशक्त होतं.

पॉलिश आणि ड्रायक्लीन एकच का?

नाही. पॉलिशमध्ये साडी ताणून, रुळावर दाबून तिला चमक आणि कडकपणा आणतात, कधी हलकी खळही देतात. मळ त्यात निघत नाही. मळकी साडी पॉलिशला दिली तर डाग उष्णतेने आणखी पक्का बसतो. आधी ड्रायक्लीन, मग हवं तर पॉलिश. आणि खळ दिलेली साडी वर्षभर पेटीत ठेवू नये, कसर लागते.

लग्नात हळद लागली, सावजीची तर्री सांडली, सरबत पडलं. सगळं निघेल का?

प्रत्येक डागाची जात वेगळी असते.

तर्रीतलं तेल ड्रायक्लीनमध्ये छान निघतं, पण हळद-मिरचीचा रंग मागे राहू शकतो. हळदीच्या डागाला साबण लावायचा मोह आवरा, कारण साबणाच्या क्षाराने हळद लालभडक होते. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, त्यातला प्रकार हाच. सुती कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण रेशमी साडी उन्हात टाकली तर डागासोबत साडीचा रंगही जाईल.

सरबत, चहा, उसाचा रस, संत्र्याचा रस यांतली साखर पाण्यात विरघळते, द्रावकात नाही. असा डाग वाळल्यावर कधीकधी दिसतच नाही. साडी तशीच धुतली आणि गरम प्रेस फिरली की साखर करपून तपकिरी ठिपका उठतो. लोकांना वाटतं दुकानदाराने डाग पाडला. म्हणून कुठे काय सांडलं ते देताना सांगा, त्या जागी सैल कच्चा दोरा बांधून खूण करा. चांगला कारागीर अशा डागावर आधी हाताने वेगळी प्रक्रिया करतो, मग यंत्रात टाकतो.

घामाचंही तसंच. घामातला क्षार कोरड्या द्रावकात पुरता निघत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या लग्नात रेशमी ब्लाउजचं काय होतं ते सांगायला नको. काखेतले घामाचे डाग वेगळे दाखवा आणि तो ब्लाउज लग्नानंतर लगेच द्या. दिवाळीपर्यंत ठेवला तर रंग उडतोच, कापडही विरतं.

टिकल्या, खडे, फॉइल प्रिंट असलेला लेहंगा द्यावा का?

जपून. प्लॅस्टिकच्या काही टिकल्या पर्कमध्ये मऊ होतात, रंग सोडतात. डिंकाने चिकटवलेले खडे सुटतात, फॉइल प्रिंट निघून येते. रेक्झिनसारखा थर असलेलं कापड कडक होऊन तडकतं. अशा कपड्यासाठी “आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर आधी तपासून बघाल का?” असं विचारा. हो म्हणणारा दुकानदार सोडू नका. खडे दोऱ्याने शिवलेले असतील तर काळजी पुष्कळ कमी.

आजीची बंजारा फेटिया-कांचळी, म्हणजे भरतकामाचा घागरा-चोळी आहे. ती ड्रायक्लीन होईल का?

यवतमाळ-वाशीमकडून हा प्रश्न नेहमी येतो. यंत्रात टाकू नका. आरसे, कवड्या, नाणी एकमेकांवर आपटून फुटतात, कापड फाडतात, आणि जुन्या भरतकामाचा रंग कशात सुटेल हे आधी कळत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडावी, सावलीत हवा द्यावी, उसवलेले टाके आधी घालून घ्यावेत. डाग असलाच तर तेवढ्याच जागेपुरती हाताने सफाई करणारा माणूस शोधावा. सापडला नाही तर डाग तसाच असू द्या. ती फेटिया पुन्हा कोणी तशी भरून देणार नाही.

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर गोल काढलेला असतो, तो काय सांगतो?

गोल म्हणजे ड्रायक्लीन चालेल. गोलावर फुली म्हणजे अजिबात नको. गोलात ‘पी’ हे इंग्रजी अक्षर असेल तर पर्क चालतं, ‘एफ’ असेल तर फक्त हायड्रोकार्बनसारखं सौम्य द्रावक. ‘डब्ल्यू’ असेल तर जाणकाराकडून खास पद्धतीने पाण्यात धुता येतं. गोलाखाली रेघ असेल तर हलक्या हाताने. हातमागाच्या साडीवर अशी चिठ्ठी सहसा नसते, म्हणून तिथे तोंडी सांगणं महत्त्वाचं.

पावतीवर काय काय असावं?

तारीख, दुकानाचं नाव-पत्ता, कपड्यांची वेगवेगळी नोंद, दर आणि परत द्यायचा दिवस. ‘साडी १’ एवढंच नको. ‘करवत साडी, मरून काठ, फॉलसह १, ब्लाउज १, पदराला गोंडे आहेत’ असं हवं. आधीचे डाग, उसवलेली शिवण, सुटलेला खडा हेही लिहून घ्या. त्यात दुकानदाराचंही हित आहे. देण्याआधी मोबाइलवर काठ, पदर आणि डाग यांचे फोटो काढून ठेवा.

दुकानदाराचा जीएसटी नंबर नाही म्हणून घाबरू नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. साधी पावती चालते, पण पावती पाहिजेच. ‘ओळखीचे आहेत’ म्हणून पावती न घेणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ओळख टिकवायची असेल तर लेखी बरं.

खुणेची चिठ्ठी टाचणीने किंवा स्टेपलरने लावू नका, दोऱ्याने बांधा, असंही सांगा. गठ्ठा ओलसर राहिला तर पिन गंजते, आणि रेशमावरचा गंजाचा डाग काढताना कापडच विरतं.

लग्नसराईत किती दिवस आधी द्यावं?

निदान तीन आठवडे. मुहूर्त दाट असले की शहरातल्या धुलाईवर ताण येतो आणि तालुक्याची गाडी एक खेप चुकवते. लग्नाच्या आदल्या दिवशी काळीपिवळीने जाऊन साडी आणायची पाळी येऊ देऊ नका, कारण तेव्हा काही बिघडलं असेल तर दुरुस्तीला वेळ नसतो.

परत आलेल्या कपड्याला उग्र वास येतो. तो घालावा का?

लगेच नको. वास म्हणजे द्रावक पुरतं उडालेलं नाही. प्लॅस्टिकचं आवरण काढून कपडा एक-दोन दिवस हवेशीर सावलीत टांगा. त्यानंतरही वास राहिला तर परत न्या आणि पुन्हा वाळवून मागा.

पर्कबद्दल लोक काळजीने विचारतात, आणि ती काळजी योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पर्कला माणसासाठी बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवलं आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनमधला त्याचा वापर १० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. सगळ्यात जास्त धोका रोज त्या वाफेत उभं राहून काम करणाऱ्यांना असतो. धुणं आणि वाळवणं एकाच बंद यंत्रात होत असेल तर वाफ कमी सुटते. त्यामुळे बंद यंत्र असलेलं ठिकाण निवडलं की तिथल्या कामगारांचंही भलं होतं.

तान्ह्या बाळाचे कपडे शक्यतो ड्रायक्लीन करूच नका.

घरीच पेट्रोलमध्ये साडी बुडवली तर?

कधीही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत, गॅसपर्यंत पोचते. सिंथेटिक कापड नुसतं घासल्याने उडालेली ठिणगीही पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, ते कर्करोगाला कारण होतं. साडी गेली तर दुसरी येईल.

कपडा फाटला, रंग उतरला किंवा हरवला. आता काय करायचं?

दुकानातच कपडा उघडून बघायची सवय लावा, घरी आल्यावर नाही. बिघाड दिसला तर तिथेच पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा, आणि दुरुस्ती किंवा भरपाई शांतपणे मागा. निम्म्याहून अधिक भांडणं इथेच मिटावीत, कारण तालुक्यात पुन्हा तोंड बघायचं असतं.

नाही मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूला आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे शालू नागपुरात बिघडला तरी बुलढाण्याच्या माणसाला नागपूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत घटनेपासून २ वर्षं. साडीचं खरेदी बिल, धुलाईची पावती, आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा.

काही पावत्यांच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की नुकसान झालं तर धुलाईच्या दराच्या काही पटच भरपाई मिळेल, किंवा दुकान जबाबदार नाही. ते वाचून हातपाय गाळू नका. अशी एकतर्फी अट छापली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही, आयोगापुढे तुम्ही तसं मांडू शकता.

धुऊन आणलेली साडी कशी ठेवावी?

दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. आत ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके येतात. धुतलेल्या मऊ सुती कापडात किंवा जुन्या धोतरात गुंडाळा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर जरी तुटते. डांबर गोळ्या साडीला, विशेषतः जरीला लागू देऊ नका, लहान कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. बाळाच्या कपड्यांत त्या ठेवूच नयेत. त्यांच्या वासाने काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

एकदाच नेसलेली साडीही ड्रायक्लीनला द्यायची का?

घाम आणि डाग नसेल तर नको. रात्रभर सावलीत दोरीवर टाका, सकाळी मऊ कापडाने हलकेच झटका आणि घडी घाला. प्रत्येक धुलाईत रेशमाचं थोडं तेज जातं. घाम आला असेल, काही सांडलं असेल, किंवा साडी वर्षभर पेटीत जाणार असेल, तर मात्र धुऊनच ठेवा. कसर मळक्या रेशमालाच आधी धरते.